तीन वैद्य आणि हत्तिणीची घरची बोली

डोंगर, राई आणि नदीकाठ अशा तीन भागांत पसरलेल्या एका जंगलात तीन वैद्य राहत असत. डोंगरावर अस्वलीण, राईत म्हातारा वानर आणि नदीकाठी पाणमांजर. मुलांनो, तिघेही आपापल्या कामात तरबेज होते, हे आधीच सांगून ठेवतो. पुढची हकिकत ऐकून तुम्ही त्यांना अडाणी म्हणायला निघाल, आणि ते मला खपणार नाही. अस्वलिणीच्या मुळ्यांनी किती जणांचा ताप उतरला होता, वानराच्या सालींनी किती जखमा भरल्या होत्या! पाणमांजर तर नदीतली माती आणि शेवाळ यांवरच निम्मा काठ बरा करत असे.

पण तिघांना एक वाईट खोड होती. रोगी समोर आला की ते त्याची जीभ बघत, डोळे बघत, पोट दाबून बघत, फक्त "याआधी कुणाचं औषध घेतलंस?" एवढे मात्र विचारत नसत. दुसऱ्या वैद्याचे नाव काढणे म्हणजे आपल्याला काही येत नाही अशी कबुली देणे, असे त्यांना वाटे. आणि आपण कोणती मुळी दिली हे दुसऱ्याला सांगणे म्हणजे तर आपल्या हाताने घराची कडी काढून देणे! वानर एकदा नदीवर पाणी प्यायला आला असता त्याची आणि पाणमांजराची गाठ पडली. दोघेही उन्हाविषयी बोलले, पाण्याविषयी बोलले, आणि औषधाचा विषय निघतोसे वाटताच दोघांनाही एकदम घरची कामे आठवली.

बरे, रोग्यांनी तरी सांगावे! छे, तेही सांगत नसत. त्याला कारण होते, आणि ते कारण नदीपलीकडच्या कातळावर पोट टेकून पडलेले असे. बिबट्या. धडधाकट हरणामागे धावून दमायची त्याला हौस नव्हती. कळपात कोण मागे राहतो, कोण पाणी पिताना दोनदा थांबतो, एवढेच तो बघत बसे. म्हणून हरणे, भेकरे आणि ससे आपल्या पिल्लांना चालायला शिकवतानाच शिकवत, "पाय दुखला तरी लंगडायचं नाही. पोट दुखलं तरी मान वर. आणि दुखणं कुणाला सांगायचं नाही." आजारी प्राणी चोरासारखा एका वैद्याकडे जाई. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही की जीव राहवत नसे, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. आणि प्रत्येक ठिकाणी न विचारताच म्हणे, "आधी तुमच्याकडेच आले हो."

एका उन्हाळ्यात रानडुकरिणीचे पिल्लू आजारी पडले. त्याला हगवण लागली होती. आईने त्याला तिन्ही वैद्यांकडे फिरवले आणि तिघांनीही हगवण थांबवायचे औषध दिले. हगवण थांबली. इतकी थांबली की पोट दगडासारखे घट्ट झाले, फुगले, आणि पिल्लू गेले.

त्या जंगलाला पंचायत होती आणि एक वयस्कर हत्तीण तिची प्रमुख होती. तिने सगळ्यांना वडाखाली बोलावले. रानडुकरीण मधोमध उभी राहिली. ती रडत नव्हती. तिला एका जागी उभे राहवत नव्हते, खुराने माती उकरत ती सारखी इकडून तिकडे फिरत होती.

"मावशी, तुझं औषध चुकलं का?" तिने अस्वलिणीला विचारले.

"नाही," अस्वलीण म्हणाली.

"आजोबा, तुमचं?"

"माझं औषध कधी चुकलेलं नाही," वानर म्हणाला.

"दादा, तुझं?"

पाणमांजराने मान हलवली.

"तिघांचंही बरोबर होतं म्हणता, मग माझं लेकरू गेलं कशानं?"

तिन्ही वैद्य आपापल्या पायांकडे बघत राहिले. एकाच दोरीला तिघांनी न बघता तीन गाठी मारल्या होत्या, हे त्यांना आत्ता कळत होते. मला विचाराल तर फार उशिरा कळत होते.

हत्तीण म्हणाली, "आजपासून कुणी कुणाला काय औषध दिलं, हे तिन्ही वैद्यांना ठाऊक असलंच पाहिजे. पण डोंगर कुठे, राई कुठे, नदी कुठे! निरोप न्यायचा कसा?"

खरे सांगायचे तर हे विचारतानाच तिच्या मनात एक उत्तर आले होते. हत्तींची एक बोली असते. ती इतकी खोल असते की इतरांच्या कानांना ती कळतच नाही. एका हत्तीने पोटातून हुंकार भरला की तो जमिनीतून दूरवर जातो आणि दुसरा हत्ती तो तळपायांनी ऐकतो. उन्हाळ्यात चारा कमी झाला की हत्तिणीचे कुटुंब पांगत असे. तिची धाकटी बहीण डोंगरावर जाई, लेक राईत राही आणि ती स्वतः नदीवर. मग दिवसभर तिघींच्या पायांखालून बोलणे चाले. पण ती घरची बोली होती. पाणी कुठे आहे, कुणाला पिल्लू झाले, कोण गेले, एवढेच त्या बोलीत बोलायचे असा तिच्या आजीच्या आजीपासूनचा दंडक होता. परक्यांच्या पोटदुखीसाठी ती वापरायची? हत्तिणीला ते पटेना. तिने तो विचार दाबून टाकला आणि सभेवर नजर फिरवली.

"मी सांगतो!" फांदीवरून कावळा म्हणाला. "रोज सकाळी तिन्ही वैद्यांकडे चक्कर मारीन आणि या वडाच्या शेंड्यावरून सगळं ओरडून सांगीन. माझा आवाज डोंगरापर्यंत जातो. खोटं एक अक्षर सांगणार नाही."

"खरं सांगशील आणि सगळ्यांना ऐकू जाईल," हत्तीण खूश होऊन म्हणाली. "आणखी काय हवं!"

सभेने माना डोलावल्या. घाईघाईने डोलावलेल्या मानांचे पुढे काय होते ते आता ऐका.

कावळा इमानाने काम करू लागला. उजाडले की तो वडाच्या शेंड्यावर बसे आणि गळा ताणून सांगे, "ऐका हो ऐका! राईतल्या सशाच्या कानाला वानरानं साल लावली आहे! नीलगाईला खोकला आहे, अस्वलिणीनं मध दिला आहे!" वैद्य कान देऊन ऐकत. एकदा तर पाणमांजराने सशाच्या कानाला माती लावायचे ऐन वेळी टाळले. पंचायतीला धन्य वाटले. कुणी म्हणाले, असा कावळा शेजारच्या जंगलातही नाही.

मग एका सकाळी कावळा ओरडला, "डोंगराच्या पायथ्याच्या भेकराचा मागचा पाय सुजला आहे! अस्वलिणीनं लेप दिला आहे! दोन दिवस पळायचं नाही!"

नदीपलीकडच्या कातळावर बिबट्याने डोळे उघडले. त्याने आळस दिला, अंग झाडले, आणि तो सावकाश डोंगराच्या पायथ्याकडे चालू लागला.

संध्याकाळी भेकराची जागा रिकामी होती.

"मी खोटं काय सांगितलं?" कावळा कळवळून सगळ्यांना विचारत सुटला. "पाय सुजला होता की नव्हता? लेप दिला होता की नव्हता?" त्याचे म्हणणे खरेच होते, आणि त्याच्याशी कुणी भांडलेही नाही. फक्त तो उडत आला की प्राणी झुडपांत शिरू लागले. हत्तीण उठून वडाकडे गेली आणि त्याला म्हणाली, "चूक तुझी नाही. बातमी तिघांना हवी होती आणि मी तुला ती सगळ्यांना द्यायला सांगितली. आता गप्प बस, बाळा." कावळा गप्प बसला. पण भेकर काही परत येणार नव्हते.

त्या दिवसापासून जंगलाची झोपच उडाली. पान पडले तरी कान उभे राहत. ससे बिळातून तोंड काढीनात. आजारी प्राणी वैद्याकडे जाईनात, आणि गेलेच तर आधी शपथ घालत, "मी आले होते हे कुणालाही कळता कामा नये." अस्वलीण शपथ घेई, वानर शपथ घेई, पाणमांजरही शपथ घेई. म्हणजे गाडी पुन्हा पहिल्याच ठिकाणी येऊन थांबली होती. उलट आता तिला भीतीही जुंपलेली होती.

अशा वेळी एका हरिणीचे पाडस आजारी पडले. त्यालाही हगवण लागली.

हरिणीने त्याला डोंगरावर नेले. अस्वलिणीने शपथ घेतली आणि नागरमोथ्याची मुळी ठेचून चाटवली. "पोट बांधून येईल," ती म्हणाली. "थोडा दम धर."

पण दम धरायचा कुणी? पाडस दर दहा पावलांवर थांबत होते, आणि आईला प्रत्येक झुडपामागे पिवळे डोळे दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती राईत वानराकडे गेली. वानराने शपथ घेतली आणि कुड्याची साल दिली. "आधी तुमच्याकडेच आले हो, आजोबा," ती सवयीने म्हणाली. बोलताना तिला रानडुकरिणीची आठवण झाली नाही असे नाही. पण 'मी अस्वलिणीकडे गेले होते' हे शब्द तोंडातून बाहेर पडले की ते कुठवर जातील, कुणाच्या कानावर पडतील, हे तिला कळेना. आणि तिने ते गिळून टाकले. मला तिचा राग येतो आणि तिची दयाही येते. तुम्हांला काय वाटते ते तुम्ही ठरवा.

दुपार व्हायच्या आत पाडसाचे पोट फुगले. हगवण थांबली होती, पण पाडस चारही पाय ताणून उभे राही आणि कण्हे. आईने त्याला नाकाने ढकलत ढकलत नदीकाठी आणले. शिकवल्याप्रमाणे ते मान वर ठेवून चालत होते.

नदीच्या काठी एका उंबराच्या मुळांत पाणमांजराची ढोली होती. हरिणीने पाडसाला तिथे लपवले. समोर, पाण्याच्या पलीकडे, बिबट्याचा कातळ होता. आणि बिबट्या कातळावर होता. त्याची शेपटी हळूहळू हलत होती.

पाणमांजराने पाडसाचे पोट चाचपले. "काय होत होतं याला?"

"हगवण," हरिणी कुजबुजली.

"मग सोपं आहे." पाणमांजराने पाण्यात बुडी मारली आणि तळाची पांढरी माती हातात घेऊन वर आले. "ही चाटव. पोट लगेच बांधतं." मग त्याचा हात मधेच थांबला. "पण हे आधीच इतकं घट्ट कसं? वहिनी, खरं सांगा. याला कुणी काही दिलंय का?"

हरिणीने एकदा पलीकडच्या कातळाकडे बघितले.

"अहो, मी कुणाला सांगत नाही. मला फक्त कळू द्या."

"दोघांकडे नेलं होतं," हरिणी शेवटी म्हणाली. "पण काय दिलं ते मला ठाऊक नाही. एक मुळी होती, एक साल होती. नाव कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही."

पाणमांजराने मातीकडे बघितले, मग पाडसाकडे बघितले. ही माती द्यावी तर तिसरी गाठ बसायची. न द्यावी आणि आधीची औषधे साधीच असली तर हगवण पुन्हा लागून एवढासा जीव संध्याकाळपर्यंत सुकून जायचा. डोंगरावर जाऊन विचारून यावे तर तेवढा वेळ कुठे होता? आणि कावळ्याला हाक मारावी तर समोर बिबट्या शेपटी हलवत बसलाच होता.

हत्तीण तिथेच जवळ पाण्यात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती पाण्यातून बाहेर आली आणि ढोलीच्या तोंडाशी आडवी उभी राहिली, म्हणजे पलीकडून बघणाऱ्याला फक्त हत्तीण दिसावी.

"आजी," हरिणी तिच्या पायाशी येऊन म्हणाली, "माझं बाळ वाचव गं. पण ओरडून नको. काही कर, पण ओरडून नको."

हत्तिणीच्या अंगाची नुसती तगमग होऊ लागली. ती या पायावरून त्या पायावर झुलू लागली. ज्या मातीवर ती उभी होती, तिच्या दुसऱ्या टोकाला डोंगरावर तिची बहीण उभी होती. राईत लेक उभी होती. विचारायला एक हुंकार पुरे होता. आणि मनात आजीच्या आजीचा दंडक उभा होता, घरची बोली परक्यांसाठी नाही. त्या दंडकाशेजारी आता रानडुकरीण माती उकरत उभी होती, आणि भेकराची रिकामी जागा होती. सभेत मला हे सुचले होते, आणि मी ते दाबले, असे हत्तीण स्वतःशीच म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली.

"पोरी," ती हरिणीला म्हणाली, "मी दोन्ही वैद्यांना विचारू शकते. माझी बहीण आणि माझी लेक, या दोघींशिवाय आणि त्या दोन वैद्यांशिवाय कुणालाही कळणार नाही. पण लेकरू तुझं आहे. तू हो म्हणालीस तरच विचारीन."

हरिणीने डोळे मिटले. जन्मभर जे करायचे नाही म्हणून शिकली होती ते करायला तिला डोळे मिटावेच लागले. "विचार," ती म्हणाली. "माझं नाव घालून विचार."

हत्तिणीने चारही पाय मातीत रोवले आणि पोटातून हुंकार भरला. हरिणीला काही ऐकू आले नाही. पाणमांजराला काही ऐकू आले नाही. नदीच्या तळाखालून, कातळाखालून, बिबट्याच्या टेकलेल्या पोटाखालूनही तो निरोप गेला, आणि बिबट्याने कानावरची माशी हाकलली.

डोंगरावर बहिणीने चरणे थांबवले आणि ती अस्वलिणीच्या गुहेशी गेली. "हरिणीच्या पाडसाला काय दिलंस?"

"कोणती हरिणी? माझ्याकडे कुणी आलं नव्हतं," अस्वलीण म्हणाली. शपथ म्हणजे शपथ.

"तिच्याच तोंडचा निरोप आहे. ती नदीवर आहे आणि पाडसाचं पोट फुगलंय."

अस्वलीण ताडकन उठली. "असं असेल तर माझी शपथ सुटली. पण मुळीचं नाव सांगू? ते पाणमांजर ऐकेल की!"

"त्यानं ऐकावं म्हणूनच तर विचारतेय, बाई!"

अस्वलिणीने दोनदा तोंड उघडले आणि मिटले. आईकडून मिळालेली मुळी होती ती, सख्ख्या भावालाही तिने कधी दाखवली नव्हती. मग तिला फुगलेले पोट दिसले, आणि ती घाईघाईने म्हणाली, "नागरमोथा. पोट बांधणारा. भरपूर दिला मी."

तिकडे राईत लेकीने वानराला गाठले होते. वानराला आधी राग आला. "माझ्याआधी अस्वलिणीकडे गेली होती? मला म्हणाली, आधी तुमच्याकडेच आले!"

"आजोबा, रुसायचं असेल तर उद्या रुसा. पाडस नदीवर आहे, त्याचं पोट फुगलंय. अस्वलिणीनं नागरमोथा दिला होता. तुम्ही काय दिलंत?"

वानराच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. "मी कुडा दिला," तो म्हणाला. "अरे देवा. त्यावर आणखी कुडा! माती देऊ नका म्हणावं त्या पाणमांजराला, काही झालं तरी देऊ नका! बहाव्याची जुनी, काळी शेंग घ्या. आतला गर पाण्यात कालवा आणि थोडा थोडा पाजा. त्यानं कोठा सुटतो. सांग लवकर, उभी काय राहिलीस!"

"उभं राहूनच सांगते, आजोबा," लेक म्हणाली आणि तिने पाय रोवले.

नदीकाठी हत्तिणीने ऐकले आणि पाणमांजराला हळूच सांगितले. पाणमांजराने हातातली माती पाण्यात फेकून दिली, जणू ती तापलेली होती. काठावर बहाव्याचे झाड होते. हत्तिणीने सोंड उंचावून जुनी शेंग तोडली, पायाखाली फोडली, आणि पाणमांजराने गर कालवून पाडसाच्या ओठांना लावला. पाडसाने तोंड फिरवले. आईने चाटले, समजावले, एकदा दटावलेही. मग ते थोडे प्यायले.

त्यानंतर फक्त वाट बघायची होती, आणि वाट बघणे कुणालाच जमत नव्हते. हरिणी उठे, बसे, पुन्हा उठे. पाणमांजर पाण्यात जाई आणि लगेच बाहेर येई. डोंगरावर अस्वलीण गुहेच्या दारात येरझारा घालत होती. दर थोड्या वेळाने हत्तिणीच्या बहिणीला विचारत होती, "काही कळलं?" राईत वानर या फांदीवरून त्या फांदीवर जात लेकीला विचारत होता, "काही कळलं?" तिन्ही वैद्य एकाच रोग्यासाठी एकाच वेळी तळमळत होते. असे त्या जंगलात पूर्वी कधीही झाले नव्हते.

लेकीने मधेच पायांतून विचारले, "आई, दिवसभर परक्यांचंच चाललंय. आपली बोली आपली राहिली का?"

"राहिली," हत्तीण म्हणाली. "वापरल्यानं बोली झिजत नाही. तू वानराजवळच थांब."

ऊन कलू लागले. पलीकडे बिबट्या उठला, पाण्याशी आला आणि अलीकडच्या काठाकडे बघू लागला. त्याला एक हत्तीण उभी दिसली, जशी ती रोजच उभी असे. त्याने कान टवकारून ऐकले. वडाच्या शेंड्यावर काही आवाज नव्हता. तो बराच वेळ थांबला आणि मग कंटाळून दुसरीकडे निघून गेला.

आणि उंबराच्या मुळांत पाडस उठून उभे राहिले. त्याने शेपटी वर केली, अंग आकसले, आणि आईच्या पुढ्यातच लेंड्या टाकल्या. मग आणखी टाकल्या. पाणमांजर तर त्या मोजायलाच बसणार होते, हत्तिणीने त्याला सोंडेने बाजूला केले.

हसू नका, मुलांनो. लेंड्या बघून कुणाला रडू आलेले तुम्ही पाहिले आहे का? हरिणीला आले. ती पाडसाला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटत सुटली. पाडसाचे पोट मऊ झाले होते आणि ते आईच्या सडांशी ढुशा देत होते.

"सांग आजी," हरिणी हत्तिणीला म्हणाली, "दोघांनाही सांग. माझं नाव घालून सांग."

हत्तिणीने जमिनीला सांगितले. डोंगरावर अस्वलीण धप्पकन खाली बसली. राईत वानराने तोंड झाडामागे लपवले, पण त्याचे खांदे हलताना लेकीला दिसले. मग त्याने डोळे पुसत विचारले, "अस्वलिणीला म्हणावं, तो नागरमोथा कुठे उगवतो? म्हणजे, सांगायचं असेल तरच हं."

उन्हाळा सरला तरी हत्तिणी तिथून हलल्या नाहीत. प्रत्येक वैद्याजवळ एक हत्तीण उभी राहू लागली. दुखणाऱ्याला विचारल्याशिवाय निरोप जात नसे, आणि जाई तो फक्त त्याच्यावर उपचार करणाऱ्याकडे. रानडुकरिणीला पुढल्या खेपेला पिल्ले झाली. त्यातल्या एकाला ताप आला तेव्हा तिने त्याला उचलून सरळ नदीवर आणले आणि भर दिवसा, हत्तिणीच्या पायाशी उभी राहून, त्याला आजवर काय काय दिले ते सगळे सांगून टाकले.

तात्पर्य : एका रोग्याला बरे करणाऱ्यांनी आपसांत काही लपवू नये आणि जगात काही पसरवू नये, आणि ज्याच्या हाती निरोप पोचवण्याची सोय आहे, त्याने ती आपल्या घरात कोंडून ठेवू नये.